कोणीच न आलेल्या दिवशीचे पापड

या गं, अशा जवळ सरकून बसा. कामं काय, होतच राहतात. किती दिवस बघून राह्यले मी, या पानावर येता, दुसऱ्याचे अनुभव वाचता, "अंगावर काटा आला" एवढं लिहिता अन् जाता निघून. स्वतःचं कोणी सांगायला तयार नाही. मंग म्हातारीनंच बोलायचं का सगळं? बरं... बोलते. पण मधे उठायचं नाही, आधीच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे माझा असल्या गोष्टींवर बिलकुल विश्वास नाही. नव्हता म्हणा. आमच्याकडं कोणा बाईच्या अंगात आलं की मी आधी तिला पाणी द्यायची अन् सकाळपासून काय खाल्लं ते विचारायची. निम्म्या उपाशीच निघायच्या. लिंबू अन् मिरची मी आयुष्यभर भाजीत घातली, दाराला कधी टांगली नाही. म्हणून हे सांगताना माझं मलाच जड जातंय.

आमचं घर जालन्यात. स्टेशनकडून एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कॉलनी आहे, एका ओळीत अकरा घरं, भिंतीला भिंत. बावीस वर्षांमागं आम्ही राहायला आलो तवा पुढं रस्ता नव्हता अन् मागं ज्वारी उभी होती. कोणाचा नवरा लोखंडाच्या मिलमध्ये, कोणाचा बियाण्याच्या कंपनीत, कोणाचा एसटीत. कोणी कोणाच्या नात्याचं नाही, जातीचं नाही. गणगोत सगळं गावाकडं राहिलेलं. सांजच्याला दारात उभं राहिलं की कोणाला हाक मारावी तेच कळायचं नाही.

तवा मी पापडाची पाळी सुरू केली. उन्हाळ्यात प्रत्येक घराला एक दिवस. ज्या घरची पाळी, तिथं बाकीच्या बायका आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून सकाळी आठला हजर. घरवालीनं उडदाचं पीठ भिजवून, कुटून ठेवायचं, चहा-पोहे द्यायचे, दुपारी पिठलं-भाकरी. मजुरी नाही न काही नाही. आज मी तुझ्या घरी, परवा तू माझ्या. यात एकच धोका. भिजवलेलं पीठ कोणासाठी थांबत नाही. त्याच दिवशी लाटलं तर लाटलं, नाहीतर वाया. पाच किलोचा गोळा एकट्या बाईच्यानं उरकत नाही. म्हणजे बघा, पहाटे पिठात पाणी घालायचं ते दुसऱ्या बायांच्या शब्दावर.

आणि एक सांगते, तुम्ही हसाल. इतकी वर्षं शेजारी बसून लाटलं की पापड बघून हात ओळखू येतो. आमच्या पुष्पाचा पापड कधीच गोल होत नाही, लांबटच. आम्ही म्हणायचो, "पुष्पे, हा पापड हाय का चपलेचा तळ?" तर ती म्हणायची, "तोंड लांब करून खा मंग!" लताचं मधलं बोट लहानपणी कडबा तोडताना अर्धं गेलंय, ती पापड उचलते तिथं कडेला बोटांचे ठसे राहतात अन् मधे एक जागा रिकामी. नसीमचा पापड इतका पातळ, की खाली अंथरलेल्या साडीचं फूल वरून दिसावं.

आणि कमल. तिचा हात सगळ्यांत जल्दी. ती पापड झाला की कडेला करंगळीच्या नखाची चंद्रकोर उमटवायची. "काकू, माझे कोणते ते कळलं पायजे ना, न्हाईतर ह्या लताबाई म्हणतील सगळे मीच लाटले."

कमल माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. आली तवा नवी नवरी होती, स्टो पेटवायला भ्यायची. तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली. माझे मालक गेले तवा तेरा दिवस माझ्या घरच्या माणसांचं जेवण तिच्या चुलीवर झालं. माझ्या पोटाला लेक नाही, एक मुलगाच. लेकीची जागा कमलनं कधी घेतली ते मला कळलंही नाही.

दोन वर्षांमागचा एप्रिल. माझी नात रेणू, पुण्याला नोकरी करते, तिचं लग्न जमलं होतं. मुलगा अंकुशनगरचा. मे महिन्यात लग्न. रुखवतात मांडायला अन् सोबत द्यायला पापड पाहिजे होते, म्हणून मी पाळी जरा आधी मागून घेतली. तवा माझ्याकडं साधा फोन. कॉलनीच्या ग्रुपवर आमच्या घरचं कोणीच नव्हतं, तिथं टाकायचं काम कमलचं. "शुक्रवारी माझ्याकडं, सगळ्यांना सांग," म्हणलं. "सांगते काकू. तुम्ही फक्त पिठाचं बघा."

शुक्रवारी माझा मुलगा अन् सून सातच्या गाडीनं बस्ता फाडायला संभाजीनगरला गेले. म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला. जाण्याआधी सुनेनं अन् मी मिळून पीठ कुटलं, तेलाचा हात लावून गोळे ओल्या फडक्याखाली झाकले. पोह्याला कांदा चिरून ठेवला. आठ वाजले. साडेआठ झाले. नऊला मी कमलला फोन लावला.

"येतेच काकू, तुम्ही सुरू करा. मी सगळ्यांना घेऊनच येऊन राह्यले."

हसली पण. ते हसणं माझ्या कानातून अजून जात नाही.

दहा वाजले. कमलचा फोन बंद. बाहेर येऊन पाहिलं तर तिच्या दाराला कुलूप. म्हणलं, बायका गोळा करत फिरत असंल. ओळीतली सगळी दारं लोटलेली. एप्रिलच्या उन्हात असतातच. दारोदार जाऊन "चला गं, चला गं" म्हणावं का, असं मनात आलं. पण मला लाज वाटली. ज्या बाईनं ही पाळी सुरू केली, तिनंच झोळी घेऊन हिंडायचं? बसले एकटीच. लाटत राहिले. आधी राग येत होता. मंग राग गेला अन् डोळ्यातून पाणी यायला लागलं. पिठात पडू नये म्हणून मान वळवून लाटत होते, सांगते.

एकच्या सुमाराला हात थरथरायला लागले. मला साखरेचा त्रास आहे. पन्नास-साठ पापड झाले असतील, ते खोलीतच फॅनखाली टाकले होते. परातीतले गोळे तसेच. गावातल्या शेळ्या आत शिरतात म्हणून फाटकाला आतून कडी घातली, घराचं दार लोटलं, अर्धी भाकरी गुळाबरोबर खाल्ली अन् भिंतीला पाठ लावून खाली चटईवर आडवी झाले.

झोप म्हणा, गुंगी म्हणा. त्यात मला लाटण्याचा आवाज आला. एक-दोन नाही, आठ-दहा लाटणी, लाकडावर लाकूड, मधूनच बांगड्यांची किणकिण. मला इतकं बरं वाटलं... म्हणलं, आल्या बाया. म्हातारीला झोपू देऊन कामाला लागल्या. डोळे उघडायचे म्हणते तर पापणी उचलंना. पण एक गोष्ट त्या गुंगीतही खटकली. कोणी बोलत नव्हतं. सासूच्या चहाड्या नाहीत, सिरियलची गोष्ट नाही, पुष्पाचं हसणं नाही. एवढ्या वर्षांत आमच्यात पापड कधी मुक्यानं लाटले गेले नाहीत. तेवढाच विचार आला अन् मी पुन्हा झोपून गेले.

उठले तर साडेतीन. परात रिकामी. नुसती रिकामी नाही, निपटून पुसलेली. चिरलेला कांदा तसाच सुकलेला, चहाचा एक ग्लास उष्टा नाही. मी जिना चढून गच्चीवर गेले. आमच्याकडं वर पत्र्याची सावली केलीय, तिथं चार जुन्या साड्या अंथरलेल्या अन् त्यावर पापडच पापड, एकाला एक न लागता, ओळीनं. सकाळी मी एकही साडी वर नेली नव्हती. माझे खोलीतले पापडही वर आणलेले.

तुम्हाला खरं सांगू? तवा मला भीती वाटलीच नाही. मी खूश झाले. म्हणलं, उशिरा आल्या, झोपलेली पाहिली, काम करून गेल्या, लबाड कुठल्या! खाली येऊन फाटकाची कडी काढली, पुष्पाकडं निघाले. अन् पायरीवर थांबले. कडी आतून होती की. मंग त्या आल्या कुठून अन् गेल्या कुठून?

एवढ्यात पुष्पा रिक्षातून उतरली, संगं तिचे मालक, डोळ्याला हिरवी पट्टी. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला अन् एकदम तोंड पाडलं.

"काकू, कवा आल्या गावाहून? लई वाईट झालं बाई. पण वय झाल्तं त्यांचं."

"कोणाचं वय?"

"थोरल्या भाऊजींचं. कमलताईनं ग्रुपवर टाकलं ना परवाच. तुमचे थोरले दीर गेले, तुमाला सुतक हाय, समदे गावाला गेल्ते, शुक्रवारचे पापड रद्द."

मी पायरीवरच बसले.

तुम्हाला माहीत आहेच, सुतकाच्या घरी वाळवण घालत नाहीत. पाळी मोडायला याहून पक्कं कारण कोणाला सुचणार नाही. अन् सुतकाचं कोणी फोन करून खरंखोटं विचारतही नाही. बरोब्बर निवडलं होतं तिनं. थोरल्या भाऊजींना मी तिथूनच फोन लावला. ते भोकरदनकडं असतात, ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "मी मेलो अन् मलाच पत्ता न्हाई? बरं झालं, आयुष्य वाढलं म्हणायचं. तेराव्याला बुंदी करणार असशील तर मी बी येतो."

ते हसले. मी नाही हसले. पुष्पाला म्हणलं, "अगं, सुतक म्हणून लाटायला नाही आलात, समजलं. पण माझ्या घरी मयत झाली असं कळलं तर भेटायला का नाही आलात? दोन दिवस मी इथंच होते. सकाळी नळाला होते, संध्याकाळी दारात होते."

पुष्पा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. "तुमी गावाला गेल्या असंच वाटलं काकू... अन् ग्रुपवर आम्ही हात जोडलेले टाकले की. समद्यांनीच."

ते ऐकून मला कमलच्या खोट्याहून जास्त लागलं.  पुष्पाचा हात धरून तिला गच्चीवर नेलं.

पुष्पा पापड बघत दोन पावलं चालली अन् उभी राहिली. तिच्या पायाजवळ पंचवीस-तीस पापड होते, सगळे लांबट, चपलेच्या तळासारखे.

"हे माझे हायेत," म्हणाली.

"तू आल्ती का?"

"न्हाई हो काकू! सकाळी आठपासून दवाखान्यात. यांच्या डोळ्याचं आप्रेशन. चिठ्ठी दाखवते की!"

मी म्हणलं, बाकीचे बघ. तिनं पाहिले. पलीकडच्या साडीवर कडेला बोटांचे ठसे अन् मधे एक जागा रिकामी. लताचे. त्याच्या पुढं पातळ, साडीचं जांभळं फूल आरपार दिसणारे. पुष्पा मधेच जिना उतरून पळाली. चपला वरच राहिल्या तिच्या.

दुसऱ्या दिवशी लता आली. पाळी रद्द म्हणून तिनं कंपनीत जादा ड्युटी घेतली होती, सकाळी अंगठा लावून आत अन् संध्याकाळी अंगठा लावून बाहेर. नसीम परतूरला भावाकडं होती, तिथून तडक आली. "काकू, मेरेकू तो कमलदीदीनं बोली, मय्यत हुई. आपके घर का दुख अन् मी मायके गई, माफ करो," म्हणून आधी रडली. मंग वर जाऊन एक पापड उजेडाकडं धरला, बराच वेळ पाहिला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली अन् जिथून उचलला तिथंच ठेवला. "मेराच है. पण मी नव्हते आले काकू, कसम से." ओळीतल्या सगळ्या आल्या, नऊ घरच्या नऊ. प्रत्येकीला आपला हात सापडला. तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी मिळून म्हातारीला बरं वाटावं म्हणून सांगितलं असंल. असं नाटक करायला आधी एकमेकींशी पटावं लागतं.

कमल तिसऱ्या दिवशी आली. आम्ही सगळ्या गच्चीवर पापड डब्यात भरत होतो. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. कोणी "ये" म्हणलं नाही, कोणी "जा" म्हणलं नाही. तिच्या कानावर सगळं गेलेलंच होतं. ती येऊन खाली बसली अन् पापड चाळायला लागली. एक-एक उचलायची, कडेवरून बोट फिरवायची, ठेवून द्यायची. डब्यातले भरलेले पण बाहेर काढले. अर्धा तास तरी गेला असंल. शेवटचा पापड ठेवला अन् माझ्याकडं वर मान करून म्हणाली,

"माझा एक बी न्हाई, काकू?"

"तू आल्ती का?"

"ह्या तरी कुठं आल्त्या!"

मी बाहेर काढलेले पापड पुन्हा डब्यात भरायला लागले.

मंग तीच बोलायला लागली. रेणूचं ज्या मुलाशी जमलं, त्या मुलाला आधी कमलच्या बहिणीची मुलगी दाखवली होती. त्यांनी कळवतो म्हणलं अन् कळवलंच नाही. पुढं महिन्याभरात आमच्याकडं विचारायला आले. हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू? माहीत होतं, अन् मी कमलला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पत्रिका छापायला गेल्या, अन् तिला कळलं ते बाजारात, तिसऱ्याच बाईकडून.

"एका भिंतीच्या आड राहता," ती म्हणाली. "माझ्या घरातला चमचा पडला तर तुमाला ऐकू येतो. अन् एवढी गोष्ट तुमी पोटात ठेवली? माझी बहीण मला म्हणली, तुझ्या काकूनंच पोरगा फिरवला. मी तिच्याशी भांडले हो तुमच्यासाठी! म्हणलं, माझी काकू असं करायची न्हाई."

"मी फिरवला नाही कमल. देवाशपथ."

"पण सांगितलं बी न्हाई."

"म्हणून तू माझ्या घरात मयत घातलीस? लग्नघरात? अन् फोनवर हसून येते म्हणालीस?"

ती उठली. पदर खोचला. "हसू येत नव्हतं मला," एवढंच म्हणाली अन् उतरून गेली.

रेणूचं लग्न झालं. रुखवतात ते पापड मांडले. व्याह्यांकडच्या बायकांनी तळून खाल्ले, चव विचारली, तिखट किती घातलं विचारलं. पापडासारखे पापड होते. लग्नाच्या दिवशी कमलच्या दाराला कुलूप होतं.

डॉक्टर म्हणाले, साखर कमी झाली की माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही, तुम्हीच लाटले असतील. बरं, लाटले. पण नसीमएवढं पातळ मला लाटता आलं असतं तर मी आयुष्यभर तिचा हेवा केला असता का? माझी पाचही बोटं शाबूत आहेत, लताचा ठसा मी कुठून आणू? सून म्हणते, आई, विचार करू नका. रेणू म्हणते, आजी, लिहून काढ, बघू कोणाला काही माहीत आहे का. म्हणून लिहितेय. मला तर आजपर्यंत काही कळलेलं नाही. ज्या बाया आल्या नाहीत त्यांचे हात आले कसे? अन् जी भिंतीपलीकडं राहते, जिला मी माझी समजत होते, तिचाच हात तेवढा का नाही आला? कधी वाटतं, बाकीच्यांना निदान यायचं तरी होतं. कधी वाटतं, मी सांगितलं असतं तर तिची चंद्रकोर सापडली असती. रात्रंदिवस हेच घोळतं. आजही तिच्या घरातला चमचा पडला की मला ऐकू येतो. माझाही तिला येत असणार. बोलणं नाही.

पाळी चालू आहे कॉलनीत. यंदा माझा दिवस पुढच्या महिन्यात. आता मी स्मार्टफोन घेतलाय, मेसेज माझा मीच टाकते. तरी पहाटे पिठात पाणी ओतताना हात थांबतो बघा. बायांच्या शब्दावर ओतायचं असतं ते, अन् शब्दाचा भरवसा माझा पहिल्यासारखा राहिला नाही.

म्हणून तुम्हाला म्हणते, या ना गं एकदा जालन्याला. लवकर या. स्टेशनवर उतरून एमआयडीसीची रिक्षा धरा, कॉलनीत कोणालाही पापडवाल्या काकू विचारा. पोळपाट नसलं तर माझ्याकडं आहे. काही लाटायचं नाही, नुसत्या बसा, बोला. फाटकाला त्या दिवशी कडी घालणार नाही मी. फक्त एवढं करा, येते म्हणालात तर पायांनी चालत या. नुसते हात पाठवू नका.